आबांचं बत्तीस बोअर

मागच्या दिवाळीत जळगावला गेलो होतो. भाऊबीज झाली, फराळाचे डबे भरून झाले, गाडीत सामान टाकून पुण्याला निघायचं तेवढ्यात नानांनी (म्हणजे माझ्या वडिलांनी) आत बोलावलं. गोदरेजचं कपाट उघडं, पलंगावर एक जुनी रेक्झिनची पिशवी. पिशवीत काय आहे हे लहानपणापासून घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, पण तिचं नाव कोणी काढत नसे. नाना म्हणाले, "माझी सत्तरी उलटली. हे आता तुझ्या नावावर करून घे."

पिशवीत आबांचं, म्हणजे आजोबांचं, .३२ चं लायसन्सचं रिव्हॉल्व्हर होतं.

दिवसभर लॉगिनच्या परवानग्या कोणाला द्यायच्या आणि कोणाच्या काढायच्या, हेच माझं काम. त्यामुळे माझा पहिला प्रश्न असा होता की असं "ट्रान्सफर" होतं तरी का? तर होतं. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे लायसन्सधारकाने सत्तरी गाठली असेल, किंवा हत्यार त्याच्याकडे पंचवीस वर्षं असेल, तर तो हयात असतानाच वारसाच्या नावावर लायसन्ससाठी अर्ज करता येतो. म्हणजे नानांची माहिती अगदी बरोबर होती. निवृत्त माणसाकडे वाचायला वेळ असतो, दुसरं काय!

मी "बघू" म्हटलं आणि निघालो. पारोळा, धुळे, मालेगाव करत पुण्याला पोचेपर्यंत डोक्यात तेच. पुढचे तीन-चार वीकेंड याच विषयावर वाचण्यात गेले. त्यातून जे हाती लागलं ते आज लिहितोय.

सुरुवात जरा लांबून करतो. २००७ साली मी डॅलसला ऑनसाईट होतो. टीममध्ये एक पन्नाशीचा टेक्सन होता, डेटाबेसवाला, अतिशय शांत माणूस. एका शनिवारी त्याने बार्बेक्यूला घरी बोलावलं. जेवणं झाल्यावर त्याने शर्ट किंचित वर करून कमरेचं रिव्हॉल्व्हर दाखवलं. एकदम काउबॉय सिनेमातलं! लाकडी मूठ, लांब नळी. मी (आयुष्यात पहिल्यांदाच असं काही इतक्या जवळून बघत असल्याने) विचारलं, हे रोज घेऊन फिरतोस? म्हणाला, हो, लायसन्स आहे. आणि मग त्याने ते रिकामं करून मला समजावलं की ही "सिंगल अ‍ॅक्शन" आहे.

म्हणजे काय, तर चाप ओढल्यावर इथे एकच काम होतं: मागे ताणलेला घोडा सुटतो. घोडा ताणायचं काम प्रत्येक गोळीला अंगठ्याने स्वतः करायचं. डबल अ‍ॅक्शनमध्ये चाप ओढला की घोडा मागेही जातो आणि सुटतोही. दोन कामं, म्हणून डबल. सॅम्युएल कोल्टने १८३६ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलं ते सिंगल अ‍ॅक्शनचं. १८५१ मध्ये इंग्लंडच्या रॉबर्ट अ‍ॅडम्सने नुसत्या चापावर चालणारं रिव्हॉल्व्हर काढलं. कोल्टचं जगप्रसिद्ध मॉडेल १८७३ चं, अमेरिकन लष्कराने घेतलेलं. त्यात एक मजेशीर पण महत्त्वाची गोष्ट होती. घोड्याची टोचणी थेट गोळीच्या बुडावर टेकायची, म्हणजे रिव्हॉल्व्हर हातातून पडलं तरी बार उडायची भीती. म्हणून जाणकार लोक सहा घरांत पाचच गोळ्या भरत आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवत. शंभर वर्षं हा "वर्कअराउंड" चालला! १९७३ मध्ये रूगर कंपनीने आपल्या सिंगल अ‍ॅक्शन मॉडेलमध्ये मध्ये एक पट्टी घालून हा बग काढला.

मग स्वसंरक्षणासाठी हे असलं जुनाट हत्यार का, असं मी विचारलं. वजन किलोभर, गोळ्या एकेक करून भरायच्या, घोडा दर वेळी ताणायचा. तो हसून म्हणाला की मला घाई नको असते. घोडा ताणताना माणसाला एक क्षण विचार करायला मिळतो.

हे वाक्य मला तेव्हा फार भारी वाटलं होतं. पुढे त्याची दुसरी बाजू कळली, ती आबांमुळे. ती खाली येईलच.

एक गंमत मात्र सांगायलाच हवी. काउबॉयचं राज्य म्हणून आपण टेक्सास ओळखतो, पण तिथे सर्वसामान्य माणसाने पिस्तूल बाळगून फिरण्यावर १८७१ मध्येच बंदी आली होती. लायसन्स घेऊन लपवून बाळगायची मुभा मिळाली ती १९९५ च्या कायद्याने. उघडपणे कमरेला लावायची परवानगी २०१६ पासून, आणि लायसन्सचीही अट निघाली ती २०२१ मध्ये. म्हणजे मी बघितलं तेव्हा त्या टेक्सन माणसाला ते रिव्हॉल्व्हर शर्टाखाली झाकूनच न्यावं लागे.

आता आपल्याकडे या.

खानदेश इंग्रजांकडे आला १८१८ मध्ये. भिल्लांचे उठाव मोडून निघेनात तेव्हा १८२५ मध्ये जेम्स औट्रमने भिल्लांचीच एक पलटण उभी केली, धरणगावला. ज्यांच्या हातातली हत्यारं काढून घ्यायची होती त्यांच्यापैकीच काहींच्या हातात सरकारी बंदूक दिली. डोकं बघा! तरी १८५७-५८ मध्ये काजीसिंग ऊर्फ खाज्या नाईक आणि भीमा नाईक उठलेच. उठाव संपल्यावर देशभर हत्यारं गोळा करायचं सत्र सुरू झालं आणि १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. या कायद्याखाली हिंदी माणसाला हत्यारासाठी लायसन्स लागे आणि गोऱ्यांना सूट. स्वसंरक्षण हा गोऱ्याचा हक्क, काळ्याची ती मेहेरबानी. लोकांना सगळ्यात जास्त झोंबलं ते हेच. काँग्रेस वर्षानुवर्षं या कायद्याविरुद्ध ठराव करत राहिली. गांधीजींनीसुद्धा १९१८ च्या सैन्यभरतीच्या पत्रकात या कायद्यावर कडक टीका केली होती. अहिंसा म्हणजे निःशस्त्र करून घेणं नव्हे, एवढा त्यांचा मुद्दा स्पष्ट होता.

उघड हत्यार मिळत नाही म्हटल्यावर लपवलेलं येणारच. १९०९ मध्ये सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीनबरोबर वीस ब्राउनिंग पिस्तुलं पाठवली आणि त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेने कलेक्टर जॅक्सनवर ब्राउनिंगच चालवलं. हे आपण शाळेत शिकतो. पण जळगावचं प्रकरण? मी जळगावात दहावीपर्यंत शिकलो, कोर्टावरून हजारदा सायकल मारली, आणि मला ते पस्तिशीपर्यंत माहीत नव्हतं!

सप्टेंबर १९२९. भगतसिंग आणि साथीदार लाहोरच्या तुरुंगात, खटला चालू. चंद्रशेखर आझाद बाहेर. झाशीकडचे दोन तरुण, भगवानदास माहौर आणि सदाशिवराव मलकापूरकर, बाँबचं सामान आणि पिस्तुलं घेऊन निघाले आणि भुसावळ स्टेशनवर झडतीत सापडले. हाच "भुसावळ बाँब खटला". तो चालला जळगावच्या सेशन्स कोर्टात. सरकारने साक्षीला लाहोर खटल्यातले दोन माफीचे साक्षीदार आणले, जय गोपाल आणि फणींद्रनाथ घोष. दोघंही काल-परवापर्यंत याच संघटनेतले.

आझादांनी पिस्तूल पाठवलं. सदाशिवरावांचे थोरले बंधू शंकरराव यांच्यामार्फत ते कैदेतल्या दोघांपर्यंत पोचलं. आणि फेब्रुवारी १९३० मध्ये आरोपी असलेल्या माहौरांनी या दोन साक्षीदारांवर गोळ्या झाडल्या. पोलीस बंदोबस्तात, जळगावात! जय गोपाल जखमी झाला. मेला मात्र कोणीच नाही. फणींद्रनाथला पुढे नोव्हेंबर १९३२ मध्ये बिहारात बेतियाला वैकुंठ शुक्लांनी गाठलं आणि त्यासाठी १९३४ मध्ये शुक्ल फाशी गेले.

माहौर आणि मलकापूरकरांना मोठ्या शिक्षा झाल्या. स्वातंत्र्यानंतर माहौर हिंदीचे विद्वान म्हणून नावाजले. सदाशिवरावांनी झाशीला आझादांच्या आईचा शेवटपर्यंत मुलासारखा सांभाळ केला. माझ्या दृष्टीने त्या पिस्तुलाच्या गोष्टीतला हा सगळ्यात मोठा भाग आहे.

तांत्रिक तपशील आवडणाऱ्यांसाठी: आझादांनी स्वतः २७ फेब्रुवारी १९३१ ला आल्फ्रेड पार्कात जे चालवलं ते कोल्ट कंपनीचं .३२ पिस्तूल, १९०३ चं मॉडेल, आज अलाहाबाद संग्रहालयात आहे. कंपनी त्याला "हॅमरलेस" म्हणायची, म्हणजे बिनघोड्याचं. प्रत्यक्षात घोडा असतो, पण आत. खिशातून काढताना अडकू नये म्हणून लपवलेला. आणि तेही सिंगल अ‍ॅक्शनच. म्हणजे लपवून बाळगायच्या हत्याराचा विचार डिझायनरने शंभर वर्षांपूर्वीच करून ठेवला होता.

इकडे धुळ्याला काय चाललं होतं? १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी एक अध्याय अशी गीतेवर प्रवचनं देत होते आणि समोर बसून साने गुरुजी ती उतरवून घेत होते. अठरा रविवार, अठरा अध्याय. (आम्हा वीकेंड लेखकांनी आदर्श घ्यावा अशी शिस्त!) जळगावच्या गोळीबाराला तेव्हा दोन वर्षंच झाली होती. अंतर जेमतेम नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर. एकीकडे पिस्तूल, दुसरीकडे रणांगणावर सांगितलेल्या ग्रंथातून अहिंसा काढणारा माणूस. आणि दोन्हीकडे सरकार एकच.

धुळ्याची दुसरी बाजूही आहे. १४ एप्रिल १९४४ ला धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना शिंदखेडा तालुक्यात चिमठाण्याजवळ लुटला गेला. साडेपाच लाखांच्या वर रक्कम. लुटणारे साताऱ्याच्या प्रतिसरकारचे, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी वगैरे मंडळी, आणि त्यांना साथ देणारे खानदेशी कार्यकर्ते. हत्यारं अर्थातच लपवून आणलेली.

आता एक प्रश्न. परक्या सरकारने हत्यारं काढून घेतली याचा एवढा राग होता, तर स्वातंत्र्यानंतर हत्यार बाळगण्याचा हक्क घटनेत का नाही? १९३१ च्या कराची ठरावात तर तो हक्क (नियमांच्या अधीन राहून) चक्क लिहिलेला होता. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी ती दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी नाकारली. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा, की तेव्हाची मागणी इंग्रजांनी आपल्याला निःशस्त्र केलं म्हणून होती. आता राज्य आपलं. सरसकट हक्क दिला तर तो चोर-दरोडेखोरांनाही द्यावा लागेल. म्हणून आपल्याकडे हत्यार हा मूलभूत हक्क नाही, १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली मिळणारी परवानगी आहे. स्वतःचा जीव वाचवायचा हक्क मात्र आहे, तो पूर्वी भारतीय दंड संहितेत होता आणि जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत आहे. हक्क रक्षणाचा, साधनाचा नाही. हा फरक मला वाचताना पहिल्यांदा नीट कळला.

आणि .३२ च का? कारण लष्कर-पोलिसांच्या वापरातले बहुतेक बोअर खाजगी माणसाला मिळत नाहीत. उरतं त्यात रिव्हॉल्व्हर म्हणजे प्रामुख्याने .३२. २०१४ मध्ये कानपूरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीने बायकांसाठी म्हणून "निर्भीक" काढलं, अर्धा किलो वजनाचं, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. ते .३२ च. आणखी एक: २०१६ च्या नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हत्यार होल्स्टरमध्ये आणि झाकलेलं न्यायचं, मिरवायचं नाही. लग्नाच्या वरातीत बार उडवले तर २०१९ च्या दुरुस्तीपासून दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे आपल्याकडेही शर्टाखालीच!

असो. आता आबा.

आबांची भुसाराची अडत होती. उडीद, मूग, भुईमूग. हंगामात पारोळा, धुळे अशा चकरा, येताना रोकड. चेक कोण घेतंय तेव्हा! रस्त्यात लुटालुटीच्या बातम्या येत, म्हणून त्यांनी लायसन्स काढलं. रिव्हॉल्व्हर डबल अ‍ॅक्शन होतं, पण आबा ते सिंगल अ‍ॅक्शनसारखंच वापरत: आधी अंगठ्याने घोडा चढवायचा, मग चाप. डबल अ‍ॅक्शनचा चाप जड लागतो आणि नेम हलतो, असं त्यांना शिकवणाऱ्याने सांगितलं होतं.

१९७८ च्या हिवाळ्यात रात्री धुळ्याहून परत येताना पारोळ्याच्या अलीकडे एक माणूस रस्त्यात आडवा उभा. हात वर. बाजूला मोटरसायकल पडलेली. ड्रायव्हरने जीप थांबवली. आबांनी धोतराच्या कनवटीतून रिव्हॉल्व्हर काढलं आणि घोडा चढवला. माणूस जवळ आला आणि म्हणाला, "दादा, पेट्रोल संपी गयं."

बस्स. पेट्रोल संपलं होतं.

आता चढवलेला घोडा उतरवायचा कसा? अंगठ्याने घोडा घट्ट धरायचा, चाप हलकेच ओढायचा आणि घोडा सावकाश पुढे सोडायचा. टेबलावर सोपं आहे. डिसेंबरची थंडी, अंधार, हात घामाने ओले आणि छातीत धडधड, अशा वेळी नाही. आबांचा अंगठा निसटला. गोळी जीपचा पत्रा फोडून आबांच्या आणि ड्रायव्हरच्या पायांमधून खाली गेली.

कोणालाही काही झालं नाही. पेट्रोलवाला मात्र शेतातून पळाला तो परत आलाच नाही. त्याची मोटरसायकल तिथेच. आबा सकाळपर्यंत तिथे थांबले, गाडी राखत! सकाळी तो दोन माणसं घेऊन आला तेव्हा आबांनी त्याचे पाय धरले, असं ड्रायव्हरकाका सांगत. आबा स्वतः कधी बोलले नाहीत. आजी एवढंच म्हणायची, "हाई भूत मना घरमा नको." पण भूत गेलं नाही. पिशवीत राहिलं. दर निवडणुकीला पोलीस स्टेशनात जमा व्हायचं आणि निकालानंतर परत यायचं, एवढाच त्याचा प्रवास.

त्या टेक्सन सहकाऱ्याचं वाक्य मला आठवतं ते इथे. घोडा ताणताना विचार करायला एक क्षण मिळतो, खरंय. पण एकदा ताणला की विचार बदलायला त्याहून जास्त धैर्य आणि कोरडे हात लागतात. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर "रोलबॅक" लिहिलेला नसताना केलेला बदल.

मी हे सगळं नानांना फोनवर सांगितलं. माहौर, विनोबा, बाबासाहेब, सगळं. (माझं भाषण वीस मिनिटं चाललं असावं.) नाना ऐकत होते. मग म्हणाले, "ते सगळं बरोबर आहे रे. पण तू पुण्यात. आपली कॉलनी गावाबाहेर, मागच्या महिन्यात दोन घरं फुटली. रात्री तुझ्या आईला दरवाजा वाजल्यासारखा वाटतो तेव्हा मी काय करू? इतिहास सांगू?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर प्रश्न रिव्हॉल्व्हरचा नव्हताच. मी तिथे नाही, याचा होता. हत्यार माझ्या नावावर करून ते काही मला जळगावला आणणार नव्हतं. माझ्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये दोन मुलं, सात आणि अकरा. लायसन्ससाठी सुरक्षेचं ट्रेनिंग घ्यावं लागतं, तेही मी घेईन. पण रात्री अडीच वाजता ओला हात कोणाचा असेल?

जानेवारीत आठवडाभर रजा टाकून गेलो. खिडक्यांना ग्रिल, दोन कॅमेरे, अंगणात दिवा. शेजारच्या तीन घरांत जाऊन बसलो, चहा घेतला, नंबर घेतले. वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांची नावं कळली. आणि मग नाना स्वतःच म्हणाले, "चल, देऊन टाकू." रीतसर अर्ज करून, परवानाधारक डीलरकडे. पावतीवर सही करताना त्यांचा हात जरा थांबला. मी बघितलं नाही असं दाखवलं.

आईला अजूनही कधीकधी दरवाजा वाजल्यासारखा वाटतो. आता ती मला फोन करते. मी पुण्यातून कॅमेऱ्यात बघून सांगतो, कोणी नाही, झोप. महिन्यातून एक वीकेंड जळगावला जायचं ठरवलंय, बघू कितपत जमतं.

गोदरेजच्या कपाटाची चावी मात्र नाना अजून कनवटीलाच ठेवतात. आत आता एलआयसीच्या पॉलिसी आहेत.